नानांचा रशिया आणि रूममेटचा रशिया

या वेळचं पत्र अमळनेर तालुक्यातल्या एका पोराचं आहे, सध्या पोलंडमध्ये व्रोत्सवाफ शहरात एमएससी करतोय. पत्र लांब होतं, कामापुरतं देते.

"ताई, माझा रूममेट पोलिश आहे. दीड वर्षं एका किचनमध्ये काढली, मी केलेली शेवभाजी तो घाम पुसत पुसत खातो, ख्रिसमसला मी त्याच्या घरी जाऊन आलो, त्याच्या आजीच्या हातचं जेवलो. मागच्या महिन्यात जेवताना बातम्या चालू होत्या, तो म्हणाला तुम्ही रशियाचं तेल घेता त्या पैशावर हे युद्ध चाललंय, तुमच्या देशाला काहीच वाटत नाही का. माझं डोकं सटकलं. मी म्हणलं रशिया आमचा जुना मित्र आहे, १९७१ ला तोच आमच्या बाजूनं उभा राहिला, आणि तुम्ही युरोपवाल्यांनी आम्हाला दीडशे वर्षं लुटलं, तुम्ही आम्हाला शिकवू नका. तो ताट तसंच ठेवून उठला. तेव्हापासून कचरा कोणी टाकायचा एवढंच बोलणं होतं. घरी फोनवर सांगितलं तर नाना (वय ५८, कपाशीची शेती) म्हणे, 'आपला वखतले कोण उना व्हता? (आपल्या वेळेला कोण आलं होतं?) रशियाच ना? मंग? तू ती रूम सोडी दे.' मला रूम सोडायची नाही, पण नाना चुकीचे आहेत असं पण वाटत नाही. वर्गात एक युक्रेनची मुलगी आहे, तिच्याकडे बघायला पण आता जड जातं. कोण बरोबर आहे ताई, आणि मी आता काय बोलू?"

भाऊ,

कोण बरोबर हे नंतर बघू. आधी हे सांगते की त्या रात्री त्याला रशियाचं वाक्य लागलं असेलच, पण माझा अंदाज आहे त्याच्यापेक्षा जास्त दुसरं लागलं, "तुम्ही युरोपवाल्यांनी आम्हाला लुटलं" हे. आपल्याकडे गोरा माणूस म्हटला की डोक्यात इंग्रज येतो, शाळेत तेच शिकलो, घरी तेच ऐकलं, मग पोलिश काय न् इंग्रज काय, आपल्या लेखी सगळे एकाच बोटीतनं उतरलेले. पण पोलंडनं आशिया-आफ्रिकेत जाऊन कोणाचा देश घेतला नाही रे, त्यांचाच देश गेला. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी (१७९३ ला ऑस्ट्रिया सोडून) पोलंड वाटून घेतला, शेवटच्या वाटणीनंतर नकाशावर पोलंड नावाचा देशच राहिला नाही, तो परत आला १९१८ ला. १२३ वर्षं. आपला खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला १८१८ ला, पेशवाई बुडाली तेव्हा. म्हणजे आपल्या २३ वर्षं आधी त्यांचं राज्य गेलं होतं आणि वॉर्सावर बसलेला परका राज्यकर्ता पुढचं जवळजवळ शतकभर रशियाचा झार होता. तू ज्याला लुटारूंच्या रांगेत उभं केलंस तो तुझ्याच रांगेतला माणूस आहे, आणि माफी मागायचीच असेल तर या एका वाक्याची माग, बाकीच्यावर बोलता येईल.

आता तू ज्या शहरात राहतोस तेच बघ. व्रोत्सवाफ १९४५ पर्यंत जर्मनीत होतं, त्याचं नाव ब्रेसलाऊ होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकवल्या, पूर्वेकडचा मोठा भाग सोव्हिएत युनियनला गेला, त्यात त्यांचं ल्वूफ नावाचं जुनं शहर गेलं जे आज युक्रेनमध्ये ल्विव्ह म्हणून आहे. तिकडच्या लाखो लोकांना घरदार सोडून पश्चिमेला यावं लागलं, आणि जर्मन लोकांना हाकलून रिकाम्या झालेल्या व्रोत्सवाफमध्ये त्यातले खूप जण येऊन राहिले. तिथलं मोठं जुनं ग्रंथालय, ओसोलिनेउम, ते पण ल्वूफहूनच आलेलं आहे. तू त्याच्या आजीच्या हातचं जेवलास म्हणतोस, तर आजी कुठून आल्या हे विचारलंस का? नसेल तर विचार. त्या शहरात हा प्रश्न विचारला की बऱ्याच घरात पूर्वेकडचं कुठलंतरी गाव निघतं, आणि त्या गावाची गोष्ट निघाली की तिच्यात रशिया येतोच.

कारण त्यांच्याकडे रशिया आला तो असा. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडून घुसला हे सगळ्यांना माहीत असतं, पण १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौज पूर्वेकडून घुसली हे आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. पुढच्या वर्षी कातिन आणि इतर ठिकाणी मिळून साधारण २२ हजार पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, शिक्षक यांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी गोळ्या घातल्या, आणि पन्नास वर्षं मॉस्को सांगत राहिलं की हे जर्मनांनी केलं, खरं कबूल केलं १९९० ला. पन्नास वर्षं! घरातला माणूस मारला गेला आणि कोणी मारला हे मोठ्यानं बोलायची पण सोय नाही. त्याच काळात पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना बायकापोरांसकट गाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं.

आणि इथं भाऊ, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात येते. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर स्टालिनला पोलिश लोकांना सोडावं लागलं, त्यातले बरेच जण इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यातले पाच हजाराच्या आसपास लोक, बहुतेक बाया, पोरं आणि म्हातारे, कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिले. १९४३ ते १९४८. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, सगळी वसाहतच होती. ते गेल्यावर तीच जागा फाळणीत आलेल्या सिंधी लोकांना मिळाली, आजचं गांधीनगर. तसंच गुजरातेत जामनगरच्या राजानं, जामसाहेबांनी, बालाचडीला पोलिश अनाथ पोरं सांभाळली. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथं गेले तेव्हा दोन्ही ठिकाणी फुलं वाहिली. म्हणजे बघ, ज्या रशियाला नाना मित्र म्हणतात त्याच रशियाच्या तडाख्यातनं सुटलेली पोरं आपल्या मराठी मातीत भाकरी खाऊन मोठी झाली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही आपलंच आहे. मला ही गोष्ट फार जवळची वाटते आणि आपल्या शाळांत ती नीट सांगितली जात नाही याचं खरंच वाईट वाटतं.

आता नानांकडे येते, कारण नाना काही अडाणीपणानं बोलत नाहीयेत आणि तू पण त्यांना तसं समजू नको.

१९७१ ला काय झालं ते आपल्या मागच्या पिढीच्या हाडात बसलंय. पूर्व पाकिस्तानातनं एक कोटीच्या आसपास माणसं आपल्याकडे पळून आली होती, जग नुसतं बघत होतं, अमेरिका पाकिस्तानच्या बाजूला, चीन पण. ९ ऑगस्टला सोव्हिएत युनियनबरोबर मैत्रीचा करार झाला, डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं आणि अमेरिकेनं सातव्या आरमाराची एंटरप्राइज ही अणुशक्तीवर चालणारी बोट बंगालच्या उपसागराकडे पाठवली. आणि संयुक्त राष्ट्रांत युद्ध मध्येच थांबवायचे ठराव येत होते ते सोव्हिएत युनियननं एकामागोमाग एक व्हेटो करून पाडले. त्या आधी भिलाईचा पोलाद कारखाना त्यांच्या मदतीनं उभा राहिला होता, आपल्या शेजारी नाशिकजवळ ओझरला मिग विमानं तयार होत होती, खान्देशातल्या कितीतरी घरातला कोणी ना कोणी ओझरला कामाला होता. त्या घरांत रशिया हे पेपरातलं नाव नव्हतं, पगाराच्या दिवसाचं होतं.

आणि अमेरिकेचं उलट झालं बघ. साठच्या दशकात आपल्याला सगळ्यात जास्त धान्य कोणी दिलं असेल तर अमेरिकेनं, पीएल-४८० या त्यांच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली. कोट्यवधी माणसं त्या गव्हावर जगली. पण प्रेसिडेंट जॉन्सननं ते धान्य असं हात राखून, एकेक बोट मोजून सोडलं, व्हिएतनामबद्दल आपण बोलतो म्हणून नाराज होऊन, की पोट भरलं पण मन दुखावलं. ७२ च्या दुष्काळात मिलो खाल्लेली माणसं आपल्याकडे अजून आहेत, माझी आई त्यातलीच, ती लाल ज्वारी आठवली की आजही तोंड वाकडं करते. खाऊ घातलं अमेरिकेनं आणि मनात राहिला रशिया. याच्यात हिशोब नाही, आपल्याकडे माणूस मापायची रीतच अशी आहे, कोणी किती दिलं हे आपण लक्षात ठेवत नाही, अडचणीत कोण आलं आणि कसं आलं हे ठेवतो. मयताला कोण आलं होतं हे तीस वर्षांनी पण सांगतो. आणि तीच रीत आपण देशांना लावतो, रशिया मोठा भाऊ, अमेरिका गरजेपुरती, वगैरे. पोलिश माणूस देश असे मापत नाही, त्याचा पहिला प्रश्न असतो की हा माझ्या सीमेला लागून आहे का आणि याची फौज शेवटची आमच्याकडे कधी आली होती. आपली आणि रशियाची एक इंचही सीमा लागत नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे आणि आपण तिचा विचारच करत नाही.

हे पटत नसेल तर आपल्या गावात रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्या गुरख्याशी कधी बोलून बघ. २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला, आपण मदत पाठवली, आपल्याला वाटतं आपण मोठ्या भावासारखं वागलो. त्याच वर्षी पुढे नवीन राज्यघटनेवरून वाद होऊन सीमेवरनं जाणारं पेट्रोल, गॅस, औषधं काही महिने अडली. आपलं सरकार म्हणालं ते तिथल्या सीमेलगतच्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे, नेपाळी लोक आजही त्याला भारताची नाकाबंदी म्हणतात. त्या गुरख्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत झाली होती तेव्हा त्याच्या मनात भारत कसा दिसला असेल? आपण स्वतःला कधी कोणाचा रशिया समजत नाही ना, म्हणून हे ऐकायला त्रास होतो. पण ऐकलं पाहिजे.

आता एक गोष्ट सांगते जी तुला आणि नानांना दोघांना माहीत नसणार, आणि माझ्या मते तुझ्या पत्राची खरी चावी हीच आहे.

डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत पोलंड सदस्य होता. ४ डिसेंबरला अमेरिकेनं युद्धबंदीचा ठराव आणला, ११ देश बाजूनं, ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ, आणि विरोधात फक्त दोन हात, एक सोव्हिएत युनियनचा आणि दुसरा पोलंडचा. मग प्रश्न महासभेत गेला. ७ डिसेंबरला तिथं मतदान झालं, १०४ देश ठरावाच्या बाजूनं म्हणजे आपल्या विरुद्ध, आणि आपल्या बाजूनं आपण धरून ११. ते ११ कोण? भारत, भूतान, सोव्हिएत युनियन, मंगोलिया, क्युबा, पूर्व युरोपातले चारेक देश ज्यात पोलंड आहे, आणि बेलारूस आणि युक्रेन, कारण या दोघांना सोव्हिएत युनियनमध्ये असूनही संयुक्त राष्ट्रांत वेगळी जागा होती. म्हणजे नाना विचारतात ना, आपला वखतले कोण उना व्हता, तर त्याचं खरं उत्तर असं आहे की रशिया आला, पोलंड आला, आणि युक्रेन पण आला. तेव्हाचा सोव्हिएत प्रमुख ब्रेझनेव्ह, त्याचा जन्मच युक्रेनमधला. आपल्या हवाई दलाची एएन-३२ विमानं, ज्यांनी लडाखला सामान नेलं, ती कीव्हच्या अँटोनोव्हची. ज्या देशाचे उपकार आपण मानतो तो देश १९९१ ला फुटून त्याचे १५ देश झाले, आणि आपण सगळी कृतज्ञता उचलून एकट्या मॉस्कोच्या खात्यात जमा केली. हे मला न्यायाचं वाटत नाही.

पण थांब, हे घेऊन लगेच रूममेटकडे धावत जाऊ नको की बघ बघ तुझ्या देशानं पण आम्हाला मत दिलं होतं. तो म्हणेल ते मत आमचं नव्हतं, मॉस्कोनं हात वर करायला लावला. आणि तो खोटं बोलत नसेल. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, डिसेंबर १९७० मध्ये, त्याच पोलिश कम्युनिस्ट राजवटीनं भाववाढीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या ग्दान्स्क आणि ग्दिन्याच्या गोदी कामगारांवर गोळ्या चालवल्या होत्या. ज्या राजवटीच्या हातानं आपल्याला वाचवलं त्याच हातानं त्यांची माणसं मारली. एकच मत, आपल्या घरात ते दोस्तीची खूण, त्याच्या घरात ते गुलामीची खूण. यात कोण खोटारडा? कोणीच नाही. तू विचारलंस ना कोण बरोबर, म्हणून एवढं लांबण लावलं.

आणि हे पण लक्षात घे की नाना १९७१ ला चार वर्षांचे असणार, त्यांनी ते युद्ध समजून उमजून बघितलेलं नाही, त्यांच्या वडिलांनी रेडिओवर ऐकलेलं त्यांच्यात उतरलंय. तुझा रूममेट पण १९८९ नंतर जन्मलेला, त्यानं सोव्हिएत रणगाडा उभ्या आयुष्यात बघितला नसेल, त्याच्यात त्याची आजी बोलते. त्या रात्री टेबलावर दोन पोरं भांडत होती असं तुला वाटतं, पण एका बाजूला तुझे आजोबा होते आणि दुसऱ्या बाजूला त्याची आजी.

पण वाडवडलांची आठवण सांगेल तेच कायम मानायचं असंही नाही, आणि हे मी पोलिश लोकांकडूनच शिकावं असं म्हणते. १९४३ मध्ये आज युक्रेनमध्ये असलेल्या व्होलिनिया भागात युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी हजारोंच्या संख्येनं पोलिश गावकरी मारले, बाया-पोरांसकट. ती जखम दोन्ही देशांत अजून ओली आहे, अजून वाद होतात. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा पोलिश लोकांनी स्टेशनवर जाऊन अनोळखी युक्रेनी बायकांना घरी आणलं. आठवण होती, पण समोरच्या माणसाच्या आड त्यांनी ती येऊ दिली नाही. आणि आपली पोरं, युक्रेनला मेडिकलला गेलेली, तेव्हा वीस हजाराहून जास्त भारतीय तिथनं परत आणले, त्यातले कितीतरी पोलंडच्या सीमेवरून बिनव्हिसा आत आले आणि झेशुफच्या विमानतळावरनं घरी आले. सीमेवर आपल्या काही पोरांना तासन्‌तास थांबवलं, धक्काबुक्की झाली हे पण त्यांनी सांगितलं होतं, ते विसरायचं कारण नाही, पण आत आल्यावर ज्यांनी सूप आणि ब्लँकेट दिलं ते पण विसरायचं नाही.

आता तेलाचं. माझं मत विचारशील तर स्पष्ट सांगते, रशियानं दुसऱ्या देशात फौज घुसवली ते चूक आहे, १९७१ च्या उपकारानं ते बरोबर होत नाही. आणि भारतानं स्वस्त तेल घेतलं त्यामागे दोस्ती कमी आणि गरज जास्त आहे, युद्धाआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आत होता, नंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला, दोस्ती तर आधी पण होती मग तेव्हा का घेत नव्हतो? स्वस्त मिळालं म्हणून घेतलं. हे बोलायला लाजू नको, पण त्याला मैत्रीचा मुलामा पण देऊ नको, समोरच्याला तो मुलामाच जास्त टोचतो. पोलंड स्वतः वर्षानुवर्षं रशियाचा गॅस, कोळसा, तेल घेत होता, एप्रिल २०२२ मध्ये रशियानं गॅस बंद केला. हे तुला माहीत असू दे, पण पहिल्या दिवशी तोंडावर मारू नको.

नानांना हे तेल दूरचं वाटत असेल तर कपाशीतनं सांग. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर २५ टक्के आणि रशियाच्या तेलापायी आणखी २५ टक्के टॅरिफ लावलं, आपल्या कापडवाल्यांना झळ बसली, आणि त्याच महिन्यात सरकारनं बाहेरनं येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काही महिन्यांसाठी काढून टाकली, वेचणीच्या तोंडावर. ते भाव नानांना तोंडपाठ असतील. कीव्हपासून अमळनेरच्या मार्केटपर्यंत असा रस्ता आहे. आणि हे नवीन नाही, १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली, आणि तिकडं युद्ध थांबलं तसा भाव कोसळला आणि शेतकरी सावकाराच्या दारात. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला विचार, इराण म्हटलं की त्याला केळीचा कंटेनर आठवतो, बॉम्ब नंतर. आपली नजर अशी शेतातनं तयार झालेली आहे, त्यात कमीपणा काही नाही, फक्त ती आपली आहे हे माहीत पाहिजे.

नाना म्हणतील परक्यांच्या भांडणात आपल्याला काय पडलंय. त्यांना फैजपूरची आठवण दे. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, यावल तालुक्यात, आपले लोक बैलगाड्या जुंपून, पायी चालत गेले होते, साने गुरुजी त्याच्यासाठी राबले होते. आणि अध्यक्ष म्हणून नेहरू तिथं काय बोलले? स्पेनमधल्या युद्धावर बोलले, इटलीनं गिळलेल्या ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर बोलले. स्वतःचा देश गुलामीत, समोर शेतकरी बसलेले, आणि बोलणं स्पेनचं. तेव्हा खान्देशनं कानावर हात ठेवले नव्हते.

बरं, आता तू काय करायचं.

रूम सोडू नको, हे पहिलं. त्याच्याशी बोलायला किचन नको, तिथं परत तेच टेबल तेच ताट, बाहेर घेऊन जा, चालत चालत बोल, समोरासमोर बसलं की माणूस वादाला बसतो. आणि असं बोल, तुझ्या शब्दांत: "मी त्या दिवशी तुला इंग्रजांबरोबर मोजलं, ते चुकलं, तुमच्यावर काय गेलं ते मला माहीत नव्हतं. तुझ्या आजी कुठून आल्या ते मला ऐकायचंय." एवढंच, आणि मग गप्प बस. "पण" लावू नको. तो बोलायला लागला की मध्येच १९७१ काढू नको, त्याची गोष्ट पूर्ण होऊ दे, त्या दिवशी तुझी पाळी नाही आली तरी चालेल. दुसऱ्या कुठल्या दिवशी तू तुझ्या आजोबांची सांग, एक कोटी माणसं, एंटरप्राइज बोट, १०४ विरुद्ध ११. मत म्हणून सांगू नको, तुमच्या घरात काय ऐकलं जायचं ते सांग. वळिवड्याचं पण सांग, त्याला माहीत असेल कदाचित, पण तुझ्या तोंडून ऐकून बरं वाटेल.

आणि दोन वाक्यं तुझ्या मनाशी पक्की कर: युक्रेनवर झालेला हल्ला मला चूक वाटतो. माझा देश तेल कोणाकडून घेतो हे मी ठरवत नाही. तू परराष्ट्र मंत्रालय नाहीस भाऊ. तो "तुम्ही" म्हणाला आणि तू पण लगेच "आम्ही" होऊन उत्तर दिलंस, १४० कोटी माणसं अंगावर घेऊन कोण जेवू शकतं? तो परत "तुम्ही लोक" म्हणाला तर शांतपणे सांग की मला विचार, मी माझं सांगतो. आणि हो, समजून घेणं म्हणजे सगळं ऐकून घेणं नाही, तो जर भारतीय असेच असतात, लोभी असतात असं काही बोलला तर तिथं थांबव, त्याच्या आजीचं दुःख खरं आहे पण त्यातनं तुझा अपमान करायचा हक्क निघत नाही.

युक्रेनच्या मुलीशी राजकारण बोलूच नको. घरचे कुठे आहेत, फोन लागतो का, एवढं विचार. तिला तुझ्या देशाचं मतदान माहीत आहे, २ मार्च २०२२ ला १४१ देश रशियाच्या विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले आणि त्यात आपण होतो, ती ते तुझ्याकडून परत ऐकायला थांबलेली नाही. पण दीड वर्षात वर्गातल्या किती जणांनी तिला घरच्यांचं विचारलं असेल ते तूच बघ.

नानांशी मात्र फोनवर घाईघाईत बोलू नको, आणि चुलत्यांसमोर, व्हिडिओ कॉलवर तर अजिबात नको, चारचौघात पोरगं बापाला दुरुस्त करतंय असं दिसलं की नाना रशियासाठी नाही, स्वतःसाठी भांडतील. सुट्टीत येशील तेव्हा, नाहीतर रात्री ते एकटे असताना. त्यांना चूक ठरवू नको कारण ते चूक नाहीत, फक्त त्यांच्या गोष्टीत माणसं कमी पडली आहेत, ती भर घाल. आधी वळिवड्याचं सांग, उपाशी पोरं आणि त्यांना जागा देणारं कोल्हापूर, ते नानांना लगेच भिडेल, आसरा देणं त्यांना कळतं. मतदानाचं, पोलंड आणि युक्रेनचं, ते मागून. उलटं केलंस तर आकडे ऐकताच ते म्हणतील की पोरगं तिकडे जाऊन फिरलं, आणि पुढचं ऐकणार नाहीत.